ऑकलंड–न्हावरे, मार्गे चौफुला

न्हावऱ्यात कुणी गेलं, की घरातला आकांत वेशीपर्यंत पोचायच्या आत ईश्वरआप्पा त्या घराच्या ओट्यावर येऊन बसलेले असत. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, चपला दारापासून लांब काढलेल्या. ते रडत नसत, कुणाला पोटाशी धरत नसत, गेलेल्या माणसाचे गुण गात नसत. त्यांना ते कधी जमलंच नाही. त्यांचा प्रश्न एकच असे, "कोण कोण यायचं ऱ्हायलंय? आन् कुठनं?"

मग घरातलं कुणी तरी नाक पुसत सांगे. धाकटी लेक बारामतीला, पुतण्या चाकणला कंपनीत, मेव्हणा सुरतेला. आप्पा डोळे मिटून घेत. शिरूर डेपोत त्यांनी उभी हयात ड्रायव्हरकी केलेली. कुठली गाडी कधी सुटते, कुठल्या फाटकात अडकते, वाघोलीच्या गर्दीत किती वेळ नासतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात बसलेलं. डोळे उघडले की म्हणत, "माती साडेचारला." संपलं. सरपंचाचं गाव ऐकेल न ऐकेल, पण या बाबतीत आप्पांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. जवान पोरं मागून चेष्टा करत, "आप्पा, आमची पण वेळ काढून ठिवा, घाईत इसरून जाल." आप्पा म्हणत, "तुझ्यासाठी कोण येणार हाय, ते आधी सांग."

त्यांचा हट्ट एवढाच होता, की लेकीला तोंड दिसलं पाहिजे. मुलगे काय, मागेपुढे होतील. लेक आल्याशिवाय मयत उचलायचं नाही. उन्हाचा कडाका असो, भावकी कुरकुर करो, आप्पा ओट्यावरून हलत नसत.

या कामाला आणखी एक बाजू होती. निरोपाची. गेलं असं फोनवर आमच्याकडे कुणी सरळ सांगत नाही. माणूस रस्त्यात असतो, मोटारसायकलवर असतो, हात कापतात, भलतंच व्हायचं. म्हणून सांगायचं, "जरा जास्त हाय, निघून या." हे बोलायचं कामही आप्पांकडेच. त्यांचा आवाज गाडी चालवताना असे तसाच, एका सुरात. त्या आवाजात माणूस गेलाय की आहे, हे कुणाला कळत नसे. किती तरी लोक त्या आवाजाच्या भरवशावर सुखरूप घरी पोचले आणि दारात येऊन कोसळले.

राजश्री त्यांतलीच एक.

राजश्री म्हणजे शेजारच्या पार्वतीबाईंची लेक. तिचे वडील, नाना, हे आप्पांचे जिवाभावाचे दोस्त. ही पोर शिरूरला कॉलेजला जायची, तेव्हा आप्पा मुक्कामाची गाडी घेऊन न्हावऱ्यात असत. सकाळी पहिली फेरी. राजश्रीची वेणी रोज उशिरा व्हायची. आप्पा तिच्या घराच्या वळणावर गाडी उभी करून दोनदा हॉर्न द्यायचे. मागून प्रवासी ओरडायचे, "आप्पा, सरकारी गाडी हाय, वरातीची न्हाई!" आप्पा आरशात बघायचे आणि ढिम्म हलायचे नाहीत. पोर हातात भाकरी घेऊन पळत यायची, तेव्हा कुठं गिअर पडायचा.

पुढे ती कुरकुंभला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. एके दिवशी नाना गोठ्यात बसल्या जागी गेले. आप्पांनी कंपनीच्या गेटवर फोन लावला. "राजे, नाना जरा जास्त हायत. सुट्टी काढून ये." ती निघाली. कुरकुंभ, पाटस, चौफुला. चौफुल्याला गाडी बदलायची होती, तिथं फळांच्या गाड्यावर थांबली. डॉक्टरांनी नानांना मोसंबीचा रस सांगितला होता. पिशवी घेऊन ती न्हावऱ्यात उतरली, वळणावर आली, आणि अंगणात बांबू पडलेले तिला दिसले. पिशवी हातातून सुटली. मोसंबी माणसांच्या पायांतून गडगडत गेली, आणि कुणाला ती उचलावी की नाही हे समजेना.

ती रडली नंतर. आधी आप्पांपुढे येऊन उभी राहिली. "आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं. मी तिथं भाव करत होते. इकडं नाना अंगणात आणि मी तिथं पाच रुपयांसाठी त्या बाईशी भांडत होते." मग म्हणाली, "परत कधी मला असं सांगू नका."

आप्पा काही बोलले नाहीत. रीतच होती ती. पण त्यानंतर मोसंबीच्या दिवसांत त्यांनी कधी मोसंबी घरात आणू दिली नाहीत.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. राजश्रीचं लग्न झालं, नवऱ्याबरोबर ती न्यूझीलंडला गेली. ऑकलंड शहराजवळ दुधाच्या कारखान्यात पुन्हा प्रयोगशाळेतच लागली. इकडे दूध काढणारा सत्यजीत, तिचा भाऊ, तिकडे दूध तपासणारी ती. पार्वतीबाई म्हणायच्या, "एवढ्या लांब जाऊन काय केलं, तर दूधच बघतीय."

यंदा श्रावणात पार्वतीबाईंना छातीत कफ झाला. शिरूरच्या दवाखान्यात आठवडा काढला. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी सत्यजीतला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, दोन दिवस म्हणा, तीन म्हणा. ॲम्ब्युलन्स दारात आली. खाटेवर टेकवल्याबरोबर पार्वतीबाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "राजी निघाली का?"

राजीला अजून कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. सत्यजीत भिंत ओलांडून आप्पांकडे आला. "आप्पा, ताईला तुमीच सांगा. माझ्यानं बोलवंना."

आप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि सवयीनं निघाले. ओट्यावर बसले. सवयीनंच विचारलं, "किती लांब हाय?"

सत्यजीतची बायको अनिता हिनं मोबाइल काढला. मुंबईचं विमानतळ आणि ऑकलंडचं विमानतळ अशी दोन नावं टाकली. "अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर दाखवतंय. उडायला पंधरा तास."

बारा हजार! आप्पांनी जन्मभर ज्या रस्त्यावर गाडी हाकली, तो शिरूर-दौंड रस्ता त्यांनी मनात अंथरून पाहिला. कितीही वेळा अंथरला तरी पुरेना. पण पंधरा तास म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. पंधरा तास म्हणजे फार नव्हे. सुरतेचा मेव्हणा त्याच्या निम्म्या वेळात येतो. त्यात मुंबईपासून पुढचे पाच तास मिळवले, तयारीचे दोन-तीन धरले. आप्पांनी डोळे मिटले, उघडले आणि आत जाऊन पार्वतीबाईंच्या कानाशी सांगून टाकलं, "वहिनी, उद्या दिवेलागणीला राजी येतीय."

"नक्की का भाऊजी?"

"माजी येळ कवा चुकलीय का?"

पार्वतीबाई हसल्या. दवाखान्यातनं आल्यापासून पहिल्यांदा. आणि डोळे मिटून पडून राहिल्या, प्रवासाआधी माणूस ताकद राखून ठेवतो तशा.

इथं आप्पांची पहिली चूक झाली. ते अंतर पक्ष्यानं सरळ रेषेत उडून जायचं होतं, आणि पंधरा तास त्याच रेषेचे. त्या रेषेवरून थेट कुठलंच विमान येत नाही, मध्ये उतरावं लागतं, दुसरं पकडावं लागतं, आणि म्हणू तेव्हा तिकीट मिळत नाही. आपल्याकडे शिरूरचं अंतर माहीत असलं की वेळ माहीत असते. आप्पांना वाटलं, जगात सगळीकडे तसंच.

मग त्यांनी फोन लावला. तिकडे दुपार कलली होती. "राजे, मी आप्पा. आईचं जरा जास्त हाय. निघून ये."

आप्पांना वाटलं, लाइन गेली.

"कधी झालं, आप्पा?"

"काय कवा झालं? आगं, हाय ती. आत्ताच बोलली माज्याशी."

"आप्पा, गावाच्या ग्रुपवर फोटो आलाय आईचा. हार घातलेला."

अनितानं ग्रुप उघडला. खरंच होतं. पोपटरावांनी टाकलं होतं. पोपटराव येत्या निवडणुकीला उभे राहणार, म्हणून गावात कुणी शिंकलं तरी त्यांचा हात जोडलेला फोटो खाली येतो. पार्वतीबाईंचा कुठल्या तरी लग्नातला फोटो, भोवती फुलांची चौकट, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली पन्नासेक जणांचे जोडलेले हात. हातातली कामं टाकून लोकांनी शोक उरकून घेतला होता.

"आगं, ते पोपटरावानं चुकून टाकलंय!" सत्यजीतनं फोन घेतला. "ताई, थांब, व्हिडिओ लावतो. तूच बघ."

आणि व्हिडिओ लावला. तिथं सगळंच बिघडलं. राजश्रीला काय दिसलं असेल, ते बघा. आई डोळे मिटून खाटेवर, तोंड अर्धवट उघडं. भोवती गावातल्या बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या, कारण आजाऱ्याला बघायला तशाच बसतात. भाऊ रात्रीच्या जागरणानं लाल डोळ्यांचा. आणि मागं, दाराच्या चौकटीत, पांढरी टोपी आणि खांद्यावर टॉवेल घेतलेले आप्पा.

"पुरे," राजश्री म्हणाली. "सत्या, पुरे. आप्पा आलेत म्हणजे मला कळलं. माझ्यासाठी थांबू नका. आईला बर्फात ठेवू नका. उरकून घ्या. मी दहाव्याला येते."

फोन बंद. पुन्हा लावला, लागला नाही. ती संध्याकाळच्या पाळीला गेली असणार, अनिता म्हणाली. प्रयोगशाळेत मोबाइल नेऊ देत नाहीत.

आप्पा ओट्यावर येऊन बसले. मांजराच्या गळ्यातल्या घंटेसारखी आपली गत झालीय, असं त्यांना वाटलं. आपण जिथं जाऊ तिथं आधी मरण ऐकू येणार. पोपटरावांना बोलावून घेतलं. ते धावत आले, कान पकडले. "आप्पा, म्या ॲम्ब्युलन्स बघितली आन् मागोमाग तुमी आत शिरताना बघितलं. आजून काय बघायचं ऱ्हायलं व्हतं?"

पोपटरावांनी ग्रुपवरचा फोटो काढून टाकला, पण तो गेला तिथं जाऊन बसला होता. दर पाच मिनिटांनी कुणाचा ना कुणाचा फोन येत होता, "माती किती वाजता?" कासुर्डीहून नानांच्या चुलतभावांचा आला, ते निघालेही होते. सत्यजीत प्रत्येकाला ओरडून सांगत होता, आई जिवंत हाय. लोक म्हणत, "व्हय व्हय, समजलं. येतोच." खरं सांगावं तितकं त्यांना ते जास्त रीतीला धरून वाटत होतं.

आतून पार्वतीबाईंचा आवाज आला. "राजी निघाली का, भाऊजी?"

"निघाली," आप्पा बाहेरूनच म्हणाले. आत जायचा धीर झाला नाही.

मग ते उठले. टोपी काढून खिशात कोंबली, टॉवेल सत्यजीतच्या हातात दिला आणि थेट एसटी स्टँडवर जाऊन बसले. इथून जरा लांब राहिलं, तर घर पुन्हा आजाऱ्याचं घर होईल, मयताचं राहणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. स्टँडवर त्यांनी मोबाइलवर बोलून निरोप पाठवला. आयुष्यात पहिल्यांदाच. कंडक्टरला विचारून विचारून बटण दाबलं.

"राजे, आप्पा बोलतोय. नानांच्या येळंला मी खोटं बोललो. तू जाब इचारला हुतास, मी उत्तर दिलं न्हाई. रीत हाय म्हनून गप बसलो. आज रीत न्हाई, आज खरं हाय. तुजी आई जित्ती हाय आन् तुजी वाट बघतीय. मी तिला सांगून बसलोय की तू निघालीस. पोरी, मला खोटं पाडू नको."

कंडक्टर ऐकत उभा होता. त्यानं तिकिटाचं यंत्र दोनदा पुसलं आणि गाडीत जाऊन बसला.

दुपारी, तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत, राजश्रीचा फोन आला. आप्पांना नव्हे, अनिताला. "वहिनी, आप्पा तिथं आहेत का?"

"न्हाईत. स्टँडवर जाऊन बसलेत सकाळधरनं."

"सगळ्या बायांना बाहेर काढ. आणि आईला दाखव."

पार्वतीबाई जाग्या होत्या. पडद्यावर त्यांना लेक दिसली: अंगात पांढरा कोट, केसांवर पांढरी जाळीची टोपी, कारखान्यात घालतात ती. त्या टक लावून बघत राहिल्या. मग धापा टाकत म्हणाल्या, "डोकं बांधलंस ते बरं केलंस. इमानात गारठा आसंल."

राजश्रीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "हो आई," ती म्हणाली. "लई गारठा आहे."

"बसायला जागा मिळाली का?"

"मिळाली. खिडकीजवळ."

"मंग नीट ये. उद्या दिवेलागणीला भाऊजी म्हनलेत."

आप्पा सांगतात, फोन ठेवल्यावर राजश्री त्या पांढऱ्या कोटातच बाहेर पडली असावी, कारण पुढच्या फोनला मागं गाडीचा आवाज होता. तो फोन आप्पांना होता. तिनं भराभर सांगितलं. उद्या निघणारं विमान मिळालं. सिंगापूरला उतरायचं. तिथून मुंबईचं लगेच नाही, रात्र विमानतळावर काढायची. मुंबईत गुरुवारी सकाळी उशिरा. मग गाडी करून न्हावरे.

"गुरुवार?" आप्पांचा आवाज चिरकला. "आगं, पंधरा तास दाखवतंय की!"

"आप्पा, ते नुसतं उडायचं. याच्यापेक्षा लवकर काहीच नाही. मी सगळं शोधलं."

आप्पांनी स्टँडच्या खांबाला हात टेकला. उद्या दिवेलागण, असं ते सांगून बसले होते. आणि ती बाई तेवढ्याच हिशेबानं श्वास घेत होती. तीन दिवस सांगितले असते, तर तिनं तीन दिवसांचा श्वास पुरवला असता, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं नंतर कधी गेलंच नाही.

"एक कबूल करा," राजश्री म्हणाली. "मधे काही झालं तर मला खरं सांगायचं. मी कुठंही असू दे. रस्त्यात असू दे."

"सांगतो."

"शपथ?"

"तुज्या नानांची."

बुधवार कसा गेला, ते आप्पांना नीट सांगता येत नाही. दिवे लागले. पार्वतीबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं. "आली का?"

आप्पा खाटेजवळ बसले. गुरुवार म्हणायला त्यांची जीभ वळेना. सिंगापूर त्या माउलीला काय सांगणार! तिनं उभ्या जन्मात दौंडच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं. "वहिनी, इमान उशिरा आलं. आत्ता कुठं ती दौंडला उतरलीय. तितनं येस्टीनं यायची."

"दौंड," पार्वतीबाई समाधानानं म्हणाल्या. दौंड त्यांना ठाऊक होतं. "मंग आता येतीय."

अशी ती गाडी सुटली. आप्पांनी जन्मभर चालवलेल्या रस्त्यावर त्यांनी ती हाकायला घेतली, आणि एवढी हळू गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती. जाग आली की पार्वतीबाई विचारायच्या, कुठवर आली? आप्पा सांगायचे, कुरकुंभ. कंपनीतल्या मैतरणी भेटल्यात, जरा बोलतीय. पुन्हा जाग आली की पाटस. मग चौफुला, गाडी बदलायचीय. तिथं त्यांनी टायर पंक्चर केला. बारा हजार किलोमीटरचं आभाळ एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला हा चाळीस-पन्नास किलोमीटरचा डांबरी रस्ता, आणि रस्ता आधी संपत चालला होता. ते मनातल्या मनात थांबे मोजत. केडगाव राहिलं. पारगाव राहिलं. आंधळगाव त्यांनी पार्वतीबाईंच्या ध्यानात नसेल अशी आशा धरून शेवटाला राखून ठेवलं.

सत्यजीत ऐकत होता. एकदा उठून गोठ्यात गेला आणि म्हशीच्या अंगावर डोकं टेकून उभा राहिला.

गुरुवारी सकाळी दूध डेअरीला गेलं. अनितानं सासूचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, केस विंचरले, कुंकवाच्या जागी अंगारा लावला. श्वास आता गळ्यातच होता. डोळे मात्र स्वच्छ. "कुठवर?" एवढाच शब्द आला.

आप्पांनी घड्याळाकडे पाहिलं. राजश्री त्या वेळी समुद्रावर कुठं तरी होती. मुंबई दूर, न्हावरे त्याहून दूर. त्यांनी पार्वतीबाईंचा हात हातात घेतला. साठ वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.

"पारगावचा पूल," ते म्हणाले. "पुलावर हाय गाडी."

पार्वतीबाईंनी सुनेकडं पाहिलं. "च्या ठिव," त्या म्हणाल्या. "साखर जरा जास्ती."

अनिता पळत आत गेली. खोटा की खरा, चहा तर ठेवलाच पाहिजे. आधण आलं, पत्ती पडली, दूध ओतलं, उकळी वर चढली, आणि बाहेरून सत्यजीतची हाक ऐकू आली. तशी हाक एकदाच मारतात. चहा उतू जाऊन शेगडी विझली तरी ती तिथंच उभी होती.

आप्पा हात धरून बसून होते. त्यांच्याजवळ आता एकच थांबा उरला होता, आणि तो त्यांनी सांगितला नव्हता.

गाव पुन्हा जमलं. या वेळी खरं. पोपटरावांनी ग्रुपवर काही टाकलं नाही. शिरूरहून बर्फाची पेटी मात्र त्यांनी न सांगता आणवली. बाया आत गेल्या, गडी अंगणात उकिडवे बसले. आणि मग सगळ्यांची नजर आप्पांच्या हातातल्या मोबाइलकडे वळली, कारण मुंबईला विमान उतरायची वेळ होत आली होती.

"आप्पा, सांगू नका," सत्यजीत म्हणाला. "एकटी हाय ती. पाच तासांचा रस्ता हाय. आल्यावर कळंलच की."

"जास्त हाय म्हना," कासुर्डीचे चुलते म्हणाले. "तुमाला काय आमी शिकवायचं?"

मोबाइल वाजला. आप्पा उठून अंगणाच्या बाहेर गेले.

"आप्पा, उतरले. बॅग यायचीय. आई?"

चाळीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. जास्त आहे, ये. ते म्हटलं असतं तर पोरगी पाच तास आशेवर बसून आली असती. आप्पांनी दोनदा तोंड उघडलं. शेतातल्या बांधाला पाठ टेकवून ते खाली बसले.

"राजे, आई गेली. सकाळी. तू इमानात व्हतीस."

पलीकडे विमानतळावरची कसली तरी घोषणा ऐकू येत होती. चाकांचे आवाज. माणसं बोलत जात होती. आप्पांना वाटलं, आता ही पडेल, आणि तिथं तिला धरायला कुणी नाही. आपण काय केलं हे! जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते त्यांना तेवढ्या वेळात पुरतं कळलं.

मग हुंदका ऐकू आला. लहान पोरीसारखा, मोकळा. आप्पांनी फोन कानाला धरून ठेवला. ती रडत राहिली, ते ऐकत राहिले. किती वेळ, ते त्यांनी पाहिलं नाही.

"तिला काय वाटत होतं?" शेवटी तिनं विचारलं. "मी कुठं आहे असं?"

"पारगावच्या पुलावर. तुज्यासाठी च्या ठेवायला सांगितला."

"साखर?"

"जास्त."

पुन्हा ती थोडी रडली. मग नाक ओढलं. "बरं केलंत सांगितलंत. मी गाडीवाल्याला म्हणणार होते, वाघोलीवरनं नको, सोलापूर रस्त्यानं घे. चौफुल्याला मोसंबी घ्यायची होती आईला."

"सावकाश ये," आप्पा म्हणाले. "आमी हितंच हाय."

ते परत आले, तेव्हा अंगणात पोपटराव उभे होते. हळूच म्हणाले, "आप्पा, लोकं इचारतायत. माती किती वाजता सांगू?"

आप्पांनी डोळे मिटले नाहीत.

"राजी आली की," ते म्हणाले.

आणि ओट्यावर बसायचं सोडून ते रस्त्याला गेले. ज्या वळणावर पूर्वी गाडी उभी करून दोनदा हॉर्न द्यायचे, तिथं बाभळीच्या सावलीला जाऊन उभे राहिले.